गोळी कधी थांबवायची, तेही चिठ्ठीवर हवं

हॉस्पिटलमधून घरी सोडताना हातात जे डिस्चार्ज कार्ड पडतं, त्यावर दुखण्याची गोळी सकाळ-संध्याकाळ घ्यायची असं लिहिलेलं असतं. किती दिवस घ्यायची, हे कधी असतं, कधी नसतं. ती बंद कशी करायची, हे फारच क्वचित असतं. मांडीच्या हाडात रॉड टाकून, गुडघा बदलून किंवा मणक्याचं ऑपरेशन करून, पुढे काही दिवस किंवा आठवडे व्यायाम शिकून माणूस घरी येतो. टाके निघतात, वॉकर सुटतो, मग काठीही सुटते. गोळी चालूच राहते. सहा महिन्यांनी विचारलं, तर घरातले म्हणतात, ‘ती तर डॉक्टरांनीच दिलीय.’

ती कोणत्या डॉक्टरांनी दिली, आणि आज ती कोणाच्या देखरेखीखाली चालू आहे, हा प्रश्न नवी मुंबईतल्या उलव्यात विचारण्याची गरज मला जास्त वाटते. हे गाव जुनं असलं तरी सिडकोचा नोड तरुण आहे. खारकोपर आणि बामणडोंगरी ही स्टेशनं २०१८ मध्ये सुरू झाली, अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये. इथल्या टॉवरमधली बरीच कुटुंबं गेल्या काही वर्षांत कुठून कुठून येऊन राहिलेली आहेत. घरातल्या तीन पिढ्या ओळखणारा, हक्काने रागावणारा फॅमिली डॉक्टर अनेकांना इथे अजून मिळालेला नाही. ऑपरेशन होतं नेरूळला, बेलापूरला, कामोठ्याला, नाहीतर थेट मुंबईत. फिजिओ सेक्टरमधला असतो आणि गोळ्या इमारतीखालच्या मेडिकलमधून येतात. सर्जनच्या दृष्टीने हाड जुळलं की काम झालं. फिजिओ ही औषधं लिहून देत नाही. मेडिकलवाला जुनी चिठ्ठी बघतो, आणि ओळखीच्या माणसाची कधी कधी बघतही नाही. तिघांपैकी कोणाचाही हेतू वाईट नसतो, पण गोळी थांबवण्याची जबाबदारी तिघांपैकी कोणाकडेच राहत नाही. गव्हाण फाट्यावरून बंदराकडे धावणारे कंटेनर, त्यांच्यामधून वाट काढणाऱ्या दुचाक्या, इमारतींची न संपणारी बांधकामं आणि मुलांकडे राहायला आलेल्या आईवडिलांचे झिजलेले गुडघे पाहिले, की अशा गोळ्या इथल्या किती घरांत असतील याचा अंदाज येतो.

म्हणून आधी घरातली स्ट्रिप हातात घ्या आणि मागचं बारीक अक्षर वाचा. ब्रँडचं नाव महत्त्वाचं नाही, आतल्या औषधाचं नाव बघायचं. ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, कोडीन, मॉर्फिन यांपैकी काही असेल, किंवा कातडीवर चिकटवायचा ब्युप्रेनॉर्फिन अथवा फेंटानिलचा पॅच असेल, तर ते ओपिऑइड आहे, म्हणजे अफूच्या कुळातलं किंवा तसंच काम करणारं वेदनाशामक. डायक्लोफेनॅक, अॅसिक्लोफेनॅक, पॅरासिटामॉल ही त्या कुळातली नाहीत. प्रीगॅबालिन आणि गॅबापेंटिनही नाहीत, पण त्यांचा उल्लेख पुढे येणार आहे.

आपल्याकडे ऑपरेशननंतर सगळ्यात जास्त भेटणारं नाव म्हणजे ट्रामाडॉल. ते बरेचदा पॅरासिटामॉलसोबत एकाच गोळीत असतं. अल्ट्रासेटमध्ये ३७.५ मिलिग्रॅम ट्रामाडॉल आणि ३२५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल असतं, हे ती रोज घेणाऱ्या अनेकांना ठाऊक नसतं. ताप आला की हीच माणसं वरून डोलो किंवा क्रोसिन घेतात आणि पॅरासिटामॉल दोनदा पोटात जातं. धडधाकट प्रौढालाही दिवसभरात सगळं मिळून ४ ग्रॅमच्या वर पॅरासिटामॉल जाता कामा नये. वय झालेलं असेल, यकृत दुबळं असेल किंवा दारू रोजची असेल, तर मर्यादा आणखी खाली येते. ती डॉक्टरांना विचारा.

ट्रामाडॉल ‘सौम्य’ असतं, असं पूर्वी सर्रास म्हटलं जाई. एप्रिल २०१८ मध्ये केंद्र सरकारने ते अमली पदार्थविरोधी कायद्याच्या, म्हणजे १९८५ च्या एनडीपीएस कायद्याच्या कक्षेत आणलं. त्याआधीच ते शेड्यूल एच-१ मध्ये होतं. मार्च २०१४ पासून लागू झालेल्या या यादीतल्या औषधाच्या पाकिटावर लाल चौकटीत इशारा छापलेला असतो. ते विकताना मेडिकलवाल्याने डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या वेगळ्या रजिस्टरमध्ये नोंदवून ती नोंद तीन वर्षं जपायची असते. तुमच्याकडे चिठ्ठी न मागता कोणी ही गोळी देत असेल, तर तो तुमच्यावर उपकार करत नाही. टॅपेंटाडॉलचं गांभीर्य फेब्रुवारी २०२५ मध्ये सगळ्यांच्या लक्षात आलं. मुंबईतली एक कंपनी टॅपेंटाडॉल आणि कॅरिसोप्रोडॉलची एकत्र गोळी पश्चिम आफ्रिकेत पाठवते आणि तिथे ती नशेसाठी विकली जाते, हे बीबीसीने उघड केलं. त्यानंतर केंद्रीय औषध नियंत्रकांनी या मिश्रणाचं उत्पादन आणि निर्यात थांबवायला सांगितलं.

एवढं वाचून कोणी उद्याच गोळ्या फेकून देऊ नयेत. ऑपरेशननंतरचे पहिले दिवस वेदना आटोक्यात असणं फार गरजेचं असतं. गुडघा बदलल्यावर दुखतं म्हणून जो वाकवत नाही, त्याचा गुडघा आखडतो आणि मग सगळ्या खर्चावर पाणी पडतं. व्यायामाच्या आधी घेतलेली गोळी त्या काळात खरंच कामाला येते. ‘सहन करा, सवय लागेल’ म्हणून चौथ्या दिवशी रुग्णाला कळवळायला लावणं मला क्रूर वाटतं. भांडण गोळीशी नाही, तिला मुदत नसण्याशी आहे.

ती मुदत का हवी, याला एक मोठा पुरावा आहे. अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने २०१७ मध्ये सुमारे १३ लाख रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांना कॅन्सर नव्हता आणि ओपिऑइड पहिल्यांदाच दिलं गेलं होतं. ज्यांना निदान एक दिवसाचं औषध मिळालं, त्यांच्यापैकी सुमारे ६ टक्के लोक वर्षानंतरही ते घेत होते. आठ दिवस किंवा अधिक मिळालेल्यांत हे प्रमाण १३.५ टक्के झालं आणि ३१ दिवस किंवा अधिक मिळालेल्यांत जवळपास ३० टक्के. पाचव्या दिवसानंतर आणि पुन्हा महिन्यानंतर हा आलेख एकदम वर चढतो. आकडे अमेरिकेचे आहेत, तिथली औषधं आणि सवयी वेगळ्या आहेत. ज्यांचं दुखणं मुळातच मोठं, त्यांनाच औषध जास्त दिवस मिळतं, हेही त्यात मिसळलेलं आहे. तरीही पहिला महिना संपण्याच्या आत कोणीतरी बसून या गोळीचा हिशोब करायला हवा, एवढं त्यातून नक्की निघतं.

शरीरात काय होतं ते समजून घेतलं, तर घरातले निम्मे वाद मिटतील. रोज ओपिऑइड मिळू लागलं की मेंदू आणि नसा त्याला जुळवून घेतात. आधी एका गोळीत जो आराम मिळे, त्याला दीड गोळी लागू लागते. मग गोळीची वेळ टळली की शरीर तक्रार करतं. जांभया येतात, नाक आणि डोळे गळतात, अंगावर काटा येतो, घाम सुटतो, पोटात मुरडा येऊन जुलाब होतात, पाय जागेवर ठरत नाहीत, झोप उडते आणि सगळं अंग दुखतं. रुग्णाला वाटतं, ऑपरेशनची जागाच दुखतेय. गोळी घेतल्यावर तासाभरात बरं वाटतं, तेव्हा त्याची खात्री पटते की गोळीशिवाय भागणार नाही. वेदना आणि तलफ यांची अशी सरमिसळ होते. काही जणांत दीर्घकाळ घेतलेलं ओपिऑइड उलट वेदनेची संवेदना वाढवतं. डोस वाढतो, तसं दुखणं पसरत जातं आणि आधी न दुखणारे भागही दुखू लागतात. डोस वाढवूनही दुखणं वाढतच असेल, तर पुढचा डोस मागण्याआधी हा मुद्दा डॉक्टरांपुढे ठेवा.

याला व्यसन म्हणायचं का? नुसत्या सवयीला म्हणू नये. शरीराला सवय लागणं ही औषधाची ठरलेली क्रिया आहे, ती कोणालाही होते. वेळेवर, ठरल्या मात्रेत गोळी घेणाऱ्या आणि वेळ चुकली तर त्रास होणाऱ्या सत्तर वर्षांच्या बाईला ‘व्यसनी’ म्हणणं अन्याय्य आहे. त्याने एकच होतं, ती गोळ्या लपवू लागते. व्यसनाची चिन्हं वेगळी. पंधरा दिवसांच्या गोळ्या आठ दिवसांत संपतात. दुखत नसतानाही झोपेसाठी किंवा मन शांत व्हावं म्हणून गोळी घेतली जाते. एका डॉक्टरला न सांगता दुसऱ्याकडून चिठ्ठी घेतली जाते. काम, पैसा, नाती बिघडताना दिसत असूनही हात थांबत नाही. ही चिन्हं दिसली तरी तो आजारच आहे आणि त्यावर उपचार आहेत. महाराष्ट्राला हे नवं नाही. मुंबई-पुण्यात गर्दने, म्हणजे ब्राउन शुगरने, तरुण पोरं पोखरली होती, तेव्हा १९८६ मध्ये डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण उभं केलं. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे त्यामागे उभे राहिले. त्या काळात अनेक घरांनी व्यसनाकडे आजार म्हणून पाहायला शिकून घेतलं. फरक एवढाच की आजचा रुग्ण कोपऱ्यावर उभा असलेला पोरगा नसतो. तो वॉकर धरून दिवाणखान्यात फिरणारा सासरा असू शकतो, आणि त्याची गोळी घरातलेच विकत आणून देतात. केंद्र सरकारसाठी एम्सने केलेलं राष्ट्रीय सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात देशातले सुमारे १ टक्का लोक औषधी ओपिऑइड वापरत असल्याचं आढळलं. हा वापर वैद्यकीय कारणांपलीकडचा होता. हेरॉइन वापरणाऱ्यांचं प्रमाण त्याच्या फार वर नव्हतं.

आता धोक्यांबद्दल. ओपिऑइडने जीव जातो तो श्वास मंदावून. एकट्या गोळीपेक्षा जोडीने हा धोका फार वाढतो. झोपेची किंवा ‘टेन्शनची’ अल्प्राझोलामसारखी गोळी, दारू, आणि वर म्हटलेलं प्रीगॅबालिन किंवा गॅबापेंटिन ही ती जोडी. मणक्याच्या ऑपरेशननंतर ट्रामाडॉल आणि प्रीगॅबालिन एकत्र लिहून दिलेलं असू शकतं. देखरेखीत ते चालतं, पण त्यावर रात्रीचे दोन पेग नाही. मोठ्याने घोरणाऱ्यांना आणि झोपेत श्वास अडकणाऱ्यांना जास्त जपावं लागतं. ट्रामाडॉलच्या स्वतःच्याही काही खोडी आहेत. जास्त मात्रेत घेतलं किंवा आधीपासून फिट येत असेल तर त्याने फिट येऊ शकते. डिप्रेशनच्या अनेक गोळ्यांबरोबर ते घेतलं तर ताप, थरथर आणि गोंधळलेपणा येण्याचा धोका असतो. मधुमेह्यांमध्ये साखर एकदम खाली गेल्याचीही उदाहरणं आहेत. म्हणून दाताच्या डॉक्टरपासून मानसोपचारतज्ज्ञापर्यंत प्रत्येकाला ही गोळी चालू असल्याचं सांगा. माणूस हलवूनही उठत नसेल, श्वास फार संथ किंवा घरघरणारा असेल, ओठ निळसर आणि डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्या असतील, तर त्याला कुशीवर वळवा आणि १०८ ला फोन करा. नॅलोक्झोन हे त्यावरचं इंजेक्शन हॉस्पिटलमध्ये मिळतं. काय घेतलं ते लपवू नका, स्ट्रिप सोबत न्या.

रोजच्या जगण्यातला त्रास मात्र बद्धकोष्ठतेचा. बाकी बरेच दुष्परिणाम काळाने कमी होतात, हा होत नाही. नुसता इसबगोल पुरत नाही, पाणी कमी पडलं तर उलट त्रास वाढतो. आतड्याला चालना देणारं औषध पहिल्या दिवसापासून मागून घ्या. म्हातारपणी गोळीच्या गुंगीत बाथरूममध्ये पडून दुसरं हाड मोडण्याची भीती असते. रात्री दिवा चालू ठेवा.

गोळी कमी कशी करायची, हा या सगळ्यातला गाभा. पहिला नियम असा की महिनोन्महिने चालू असलेलं ओपिऑइड एका दिवसात तोडायचं नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने एप्रिल २०१९ मध्ये याबद्दल खास इशारा दिला, कारण अचानक तोडल्यामुळे असह्य वेदना, मानसिक कोंडी आणि आत्महत्येपर्यंत गोष्टी गेलेल्या दिसल्या. घरातल्यांनी रागाने स्ट्रिप काढून घेणं हे त्याच प्रकारात मोडतं. गर्भवती स्त्रीने तर डॉक्टरशिवाय मात्रेला हातही लावू नये.

काही दिवसच घेतली असेल, तर बहुतेकांना ती डॉक्टरांच्या सल्ल्याने लवकर थांबवता येते. काही आठवडे किंवा महिने झाले असतील, तर सुरुवातीच्या मात्रेच्या साधारण १० टक्के दर आठवड्याला, आणि वर्ष उलटलं असेल तर महिन्याला १० टक्के किंवा त्याहूनही सावकाश, असा वेग सीडीसीच्या २०२२ च्या मार्गदर्शक तत्त्वांत सुचवलेला आहे. हा कायदा नव्हे, तुमचा वेग तुमचे डॉक्टर ठरवतील. उतरताना जिन्याच्या चौकात थांबावं तसं मध्येच एखाद्या मात्रेवर दोन आठवडे थांबलं तरी चालतं. पुन्हा वर चढायचं मात्र टाळायचं. हळूहळू विरघळणारी गोळी, जिच्यावर एसआर किंवा ईआर लिहिलेलं असतं, ती अर्धी तोडायची किंवा कुटायची नाही. तसं केलं तर सगळं औषध एकदम सुटतं. छोटी मात्रा हवी असेल तर वेगळी गोळी लिहून घ्या. कमी करताना त्रास होतो तो बहुधा दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असतो, आठवडा-दहा दिवसांत ओसरतो, झोप जागेवर यायला मात्र आणखी वेळ लागतो. ट्रामाडॉलमध्ये काहींना घबराट, मुंग्या, अंगातून विजेचा झटका गेल्यासारखं वाटणं असंही होतं. हे आधी माहीत असलं की माणूस हबकत नाही. त्रासावर वेगळी औषधं देता येतात, ती डॉक्टरांकडे मागायची.

आणि एक गोष्ट जीवावर बेतणारी आहे. महिनाभर बंद ठेवून, दुखलं म्हणून एकदम जुनी मोठी मात्रा घेऊ नका. शरीराची सवय मोडलेली असते. पूर्वी पचणारी मात्राच आता श्वास थांबवू शकते.

गोळी खाली आणण्याआधी तिच्या जागी काय, ते ठरवा. रिकामी जागा ठेवून केलेला प्रयत्न टिकत नाही. पॅरासिटामॉल ठरल्या वेळी, बर्फाचा किंवा गरम शेक, नसांच्या दुखण्यावर वेगळं औषध आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्यायाम. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या हा सोपा पर्याय वाटतो, पण मूत्रपिंड, पोट आणि हृदय बघितल्याशिवाय त्या रोज घेऊ नयेत. पावसाळ्यात उलव्याच्या रस्त्यांवर काठी घेऊन चालणं धोक्याचं असतं. इमारतीखालच्या पार्किंगमध्ये कोरड्या फरशीवर चाला, पण चालणं सोडू नका. रोजची नोंद वहीत ठेवा. त्यात किती दुखलं याच्या आकड्यापेक्षा काय जमलं ते लिहा. जिना चढता आला का, स्वतः आंघोळ केली का, नातवाला बसथांब्यापर्यंत सोडलं का. गोळी कमी होऊनही हे सगळं जमत असेल, तर प्रगती आहे, मग दुखण्याचा आकडा काहीही सांगो.

कोणाकडे जायचं? आधी ज्या सर्जननी सुरुवात केली त्यांच्याकडेच. त्यांना सरळ विचारा, ‘ही गोळी कोणत्या तारखेपर्यंत घ्यायची, कशी कमी करायची, आणि मध्ये त्रास झाला तर कोणाला दाखवायचं?’ उत्तरं चिठ्ठीवर लिहून घ्या. डिस्चार्जच्या दिवशीच विचारलंत तर फारच उत्तम. त्या दिवशी बिल, विमा, गाडी यांच्या गडबडीत हे राहून जातं, म्हणून घरातल्या एकाने फक्त एवढंच काम पाहावं. सर्जनना वेळ नसेल तर पेन क्लिनिकला जा, ते बहुधा भूलतज्ज्ञ चालवतात. व्यसनाची चिन्हं असतील तर मानसोपचार विभाग. नेरूळ आणि कामोठे इथल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या हॉस्पिटलांतही चौकशी करता येते. अपंगत्व राहिलं असेल आणि पुनर्वसनाची घडी नव्याने बसवायची असेल, तर हाजी अलीची केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था १९५५ पासून हेच काम करते आहे. अटल सेतूवर दुचाकी आणि रिक्षा चालत नाहीत, तेव्हा चारचाकीची सोय करा, नाहीतर खारकोपरहून लोकल धरा. घरातून पाऊल टाकायला संकोच वाटत असेल, तर टेली-मानसचा १४४१६ आणि व्यसनमुक्तीसाठीचा १४४४६ हे दोन्ही सरकारी क्रमांक मोफत आहेत. कुठेही गेलात तरी सगळ्या स्ट्रिप्स, जुन्या चिठ्ठ्या आणि ती वही सोबत असू द्या. ‘जास्त घेतो’ हे डॉक्टरांना सांगायची लाज वाटते, पण खरी मात्रा कळली नाही, तर कमी करण्याचा हिशोब पहिल्याच पायरीला चुकतो.

हे सगळं कॅन्सरच्या रुग्णाला लावू नका. वाढलेल्या कॅन्सरच्या वेदनेत मॉर्फिन हा हक्काचा उपचार आहे आणि तिथे मुदतीचा हिशोब वेगळा असतो. १९८५ च्या कायद्यानंतर कागदपत्रांच्या जाचाने देशात मॉर्फिन मिळणं इतकं अवघड झालं की असंख्य माणसं तळमळत गेली. ती अडचण कमी करण्यासाठी २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती करावी लागली. खारघर किंवा परळच्या टाटा केंद्रातून आजीला मॉर्फिन लिहून दिलं असेल, तर ‘सवय लागेल’ म्हणून तिचा डोस कमी करणारा नातेवाईक तिचं भलं करत नाही.

शेवटी उरलेल्या गोळ्यांबद्दल. त्या कुलपात ठेवा आणि मोजून ठेवा. ‘मला चांगली लागू पडली, तुम्ही घेऊन बघा’ म्हणत शेजारच्या काकांना दोन गोळ्या देणं ही आपल्याकडची माया आहे, पण या बाबतीत ती आवरा. काकांचं वजन, मूत्रपिंड, त्यांची झोपेची गोळी तुम्हाला माहीत नसते. एरवी औषधं संडासात टाकू नयेत असा नियम, पण केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेने २०२५ मध्ये ज्या १७ औषधांना अपवाद केला, त्यांत ट्रामाडॉल, टॅपेंटाडॉल, मॉर्फिन, ब्युप्रेनॉर्फिन आणि फेंटानिल आहेत. ती नको असतील किंवा मुदत संपली असेल, तर फ्लश करायला सांगितलं आहे, म्हणजे घरातलं लहान मूल किंवा दुसरं कोणी ती खाणार नाही. वापरून झालेल्या पॅचमध्येही औषध शिल्लक असतं, तेव्हा चिकट बाजू आत दुमडूनच त्याची विल्हेवाट लावा.